बझर बंद करणारा माणूस

यूपीएस कुठला घ्यावा, असं विचारायला माझ्याकडं लोक येतात. लॅबवाले डॉक्टर येतात, पतसंस्थेचे मॅनेजर येतात, परवा एक आइस्क्रीमवाला येऊन गेला. मी इलेक्ट्रिकलमधला नव्हे. बी. कॉम. आहे आणि कराडला फ्लेक्स छपाईचा धंदा करतो. पण या एका वस्तूवर माझ्याइतके पैसे वाया घालवलेला माणूस आमच्या बाजारपेठेत दुसरा नाही, ही बातमी सगळीकडं आहे. शहाण्यापेक्षा ठेचकाळलेल्याला विचारलेलं बरं, असा लोकांचा हिशेब असावा.

कराडच्या माणसाला विजेपायी पैसे घालवायला लागावेत, हीच मुळात गंमत. कोयनेचा प्रकल्प १,९६० मेगावॉटचा. धरण शेजारच्या पाटण तालुक्यात आणि नदी आमच्याच प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. वीज करायचं बहुतेक पाणी मात्र डोंगरातल्या बोगद्यांतून पलीकडं कोकणात उतरतं, वीज राज्याच्या जाळ्यात जाते, आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तसं आमच्या वाट्याला यायचं ते भारनियमनाचं वेळापत्रक. मी धंदा सुरू केला तेव्हा वीज मंडळाचे तुकडे होऊन २००५ मध्ये महावितरण नुकतीच झाली होती. २००६ मध्ये पुण्यानं कारखान्यांचे जनरेटर कामाला लावून भारनियमन टाळायची युक्ती काढली, ते आम्ही पेपरात वाचलं. वाचता आलं म्हणजे दुपारची वेळ असणार.

तेव्हा माझं डीटीपीचं दुकान होतं. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, पेजमेकर आणि श्रीलिपी. लग्नपत्रिका असायच्याच, पण खरा पैसा साखर कारखान्यांच्या आणि सोसायट्यांच्या वार्षिक अहवालांत. वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये, त्यामुळं ऑगस्टभर आकडेच आकडे. कॉम्प्युटरबरोबर मी ६०० व्हीएचे दोन यूपीएस घेतले. दुकानदार म्हणाला, ‘‘अर्धा तास कुठं जात नाही.’’ मी आकडा बघितला, किंमत बघितली, पिशवीत घालून आणले. कॉम्प्युटर निवडताना मी आठवडाभर चार दुकानं फिरलो होतो. यूपीएस निवडायला लागला तो वेळ पावती फाडण्याचा.

६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट, अशी माझी समजूत. त्या जातीचा डबा प्रत्यक्षात ३६० वॉटच पेलतो. आत १२ व्होल्टची सात एएचची एक बॅटरी. बारा गुणिले सात, चौऱ्याऐंशी वॉट-तास. दोनशे वॉटचा कॉम्प्युटर आणि तो जुना पेटीसारखा मॉनिटर त्यावर चालवला की कागदावर पंचवीस मिनिटं निघतात. पण बॅटरीवर लिहिलेले सात एएच वीस तास सावकाश घेतले तर मिळतात. घाईनं ओढायला गेलं की ती हात आखडता घेते. दहा मिनिटं मिळाली तर नशीब. मला ती दहाही मिळत नव्हती, आणि का मिळत नव्हती हे कळायला बरीच वर्षं गेली.

आमच्या भागात ऊस. संध्याकाळी थ्री फेज आली की नदीकाठच्या मोटरी एकदम सुरू व्हायच्या आणि दुकानातलं व्होल्टेज १७५-१८० वर यायचं. ट्यूब फडफडायची, पंखा म्हातारा व्हायचा. आणि टेबलाखालचा यूपीएस ‘टक्’ करून बॅटरीवर जायचा. लाईट तर आहे, मग हा कशाला टकटक करतो, म्हणून मी दुर्लक्ष करायचो. तो साधा ऑफलाइन यूपीएस होता. व्होल्टेज उचलून धरायची सोय त्याच्यात नव्हती, कमी पडलं की बॅटरी वापरणं एवढंच त्याला ठाऊक. तासभर असं टक-टक चालल्यावर खरोखरच लाईट जायची तेव्हा बॅटरीत काही उरलेलंच नसायचं. त्यात लेझर प्रिंटरही मी त्याच बोर्डावर लावलेला. कागदावर शाई भाजणारा त्यातला हीटर एकेका झटक्याला हजारभर वॉट मागतो. प्रिंट दिली की यूपीएस किंचाळायचा.

एका कारखान्याचा ताळेबंद असाच गेला. फाईल उघडेना. कारखान्याचे अकाउंटंट शेजारी खुर्चीवर बसून प्रूफ तपासत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, ‘‘परत टाइप करायला किती वेळ?’’ रात्रभर, हे उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी काय केलं? कंपनी बदलली. पुढं पुन्हा बदलली. डबा तोच, जात तीच, नाव वेगळं. थोडे पैसे जास्त घालून व्होल्टेज सावरणारा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घेतला असता आणि प्रिंटर भिंतीवरच्या प्लगला लावला असता, तर प्रश्न मिटला असता. पण ‘अमुक कंपनी भिकार आहे’ हे मी तेव्हा इतक्या ठामपणानं सांगायचो, की दोघा-तिघांनी माझं ऐकून ती कंपनी सोडली.

२०११ मध्ये कर्ज काढून दहा फुटी फ्लेक्स मशीन घेतलं. मशीन देणाऱ्या माणसानं लिहून दिलं होतं : दहा केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस, वेगळं अर्थिंग. मला वाटलं, यात याचं कमिशन असणार. कमिशन असेलही, पण म्हणून सल्ला खोटा ठरत नाही, एवढा विचार मी केला नाही. त्याच सुमाराला एका बंद होणाऱ्या ऑफिसचं सामान लिलावात निघालं होतं. त्यात पाच केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस, सोळा बॅटऱ्यांसकट, भंगारापेक्षा थोड्या चढ्या भावात मिळाला. घरी येऊन मी मेहुण्याला फोन केला आणि किती वाचवले ते सांगितलं. सोळापैकी चार बॅटऱ्या फुगलेल्या होत्या. तेवढ्या चार नव्या घातल्या आणि सगळा संच पोटमाळ्यावर चढवला, पत्र्याखाली. खालची जागा रोल ठेवायला लागत होती.

गंमत अशी की हे सगळं चाललं. ऑनलाइन यूपीएस आधी आलेली वीज बॅटरीच्या जातीची करतो आणि मग तिची पुन्हा नवी वीज करून मशीनला देतो. त्यामुळं १८० असो की २५०, मशीनला पोचायचे २३०. लाईट गेली तरी डोळ्याची पापणी लवत नव्हती. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला मेन स्विच पाडून दाखवायचो. मशीन चालूच. लोक माना डोलवायचे.

मग २०१४ चा ऑक्टोबर आला. विधानसभेचं मतदान १५ तारखेला. फ्लेक्सवाल्याची दिवाळी त्या वर्षी दिवाळीच्या आधी आली होती. माल इतका, की वाळायला वेळ नाही. ओला फ्लेक्स गुंडाळला की रंग एकमेकांना चिकटतात. म्हणून दसऱ्याच्या आसपास मी मशीनच्या पुढं ड्रायर बसवून घेतला. हीटरच्या नळ्या आणि पंखे, दोन किलोवॉटचा. वायरमन म्हणाला, ‘‘शेठ, याला वेगळी लाइन ओढू का? उद्या येतो.’’ उद्या म्हणजे सोळा फ्लेक्स पुढं ढकलणं. मी म्हटलं, आहे त्या बोर्डावर दे.

ड्रायर सुरू केला आणि यूपीएस ओरडायला लागला. सलग, कान किटवणारा आवाज. मी फोनवर होतो. पलीकडं उमेदवाराचा पुतण्या ‘काकांचा फोटो गोरा करा पण ओळखू येऊ द्या’ असं काहीतरी समजावत होता. मी एका कानावर हात ठेवला, यूपीएसपाशी गेलो. पुढं एक लाल दिवा लागलेला, त्याखाली इंग्रजीत दोन शब्द. शेजारी कर्ण्याचं चित्र असलेलं बटण. ते मी दाबून धरलं. आवाज थांबला. मशीनकडं बघितलं, चालू होतं. फोन पुन्हा कानाला लावला.

ती दहा सेकंदं मला अजून लख्ख आठवतात, कारण त्यांत माझं अज्ञान नव्हतंच. लाल दिवा वाचता येण्याइतकं इंग्रजी मला येतं. ओव्हरलोड, बायपास. अर्थ विचारायला फोन करण्याइतकी ओळखही होती. मला त्या वेळी फक्त शांतता हवी होती, आणि शांततेला बटण होतं.

बायपास म्हणजे काय ते सांगतो. पाच केव्हीएचा तो जुना यूपीएस चार किलोवॉट द्यायचा, म्हणजे सतराएक अँपिअर. आम्ही मागत होतो तेवीस. नाही झेपलं की असा यूपीएस स्वतः बाजूला होतो आणि बाहेरची वीज सरळ मशीनला जोडून देतो. निदान काम तरी थांबू नये म्हणून. तो बाजूला झालाय हे सांगायलाच बझर असतो. म्हणजे त्या दिवसापासून आमचं मशीन सरळ महावितरणवर चालत होतं आणि यूपीएस नुसता शेजारी उभा होता. दोन दिवसांनी रात्रपाळीच्या ऑपरेटरनं विचारलं, ‘‘शेठ, ह्यो लाल दिवा रातचा डोळ्यात येतोय, काय करायचं?’’ त्यावर व्हिनाइलचा तुकडा चिकटवला गेला. कुणी चिकटवला हे मी कामगारांना कधी विचारलं नाही, कारण कात्री माझ्याच हातात होती.

प्रचार संपायला दोन दिवस होते. शेवटच्या सभेचा मुख्य फ्लेक्स मशीनवर, तीस फूट लांब. बाहेर परतीचा पाऊस, वळवासारखा कडाडणारा. रात्री अकराच्या पुढं एक मोठा आवाज झाला आणि लाईट गेली. सवयीनं आम्ही कुणी हललोही नाही. मशीन चालूच राहणार होतं. ते थांबलं. पंखे थांबले. आणि मग अंधारात बारीक आवाज आला, टप टप.

या मशीनमध्ये शाईची छोटी टाकी शाई फवारणाऱ्या हेडच्या वर असते. शाई आपल्या वजनानं खाली गळू नये म्हणून एक छोटा पंप वरून किंचित ओढ धरून ठेवतो. पंप बंद झाला की ओढ संपली, शाई खाली. ऑपरेटरला हे ठाऊक होतं आणि नळ्या चिमटून बंद करायचे क्लिपही होते, टूलबॉक्समध्ये. टूलबॉक्स शोधायला टॉर्च मात्र माझ्या मोबाइलचा, आणि मी त्या वेळी मोबाइलच्या उजेडात यूपीएसवर हात आपटत होतो. व्हिनाइलचा तुकडा निघाला, खाली अंधारच होता.

उजेड झाला तेव्हा उमेदवाराच्या हनुवटीवरून निळी आणि गुलाबी शाई ओघळून पोटापर्यंत आलेली होती. निवडणुकीच्या छापील मजकुरावर मुद्रकाचं नाव टाकणं कायद्यानं सक्तीचं आहे. छपाई खालच्या कडेपासून सुरू केल्यामुळं आमचं नाव तेवढं स्वच्छ, कोरडं आणि ठळक उमटलं होतं. ते काम पहाटे दुसऱ्या छापखान्यात गेलं. चार हेडपैकी दोन काही केल्या साफ होईनात. सॉल्व्हंटमध्ये बुडवून ठेवली, सिरिंजनं ओढून बघितली, शेवटी बदलली. त्या दोन हेडच्या पैशात सांगितलेला दहा केव्हीएचा नवा कोरा यूपीएस आला असता, बॅटऱ्यांसकट. तो उमेदवार नंतर पाच वर्षं माझ्या दुकानासमोरून गाडीची काच वर करून जायचा.

नंतर एक वयस्कर मेकॅनिक आले, साताऱ्याहून. त्यांनी यूपीएस उघडलाच नाही. क्लॅम्प मीटर काढला आणि एकेक वायर मोजत गेले. मशीनमधले हीटर दहा अँपिअर, ड्रायर नऊ, मशीनचं डोकं, मोटरी आणि कॉम्प्युटर मिळून चार. मग विचारलं, ‘‘लाईट गेल्यावर पाच मिनिटं हीटर बंद राहिला तर काय बिघडतं?’’

‘‘काही नाही.’’

‘‘आणि पंप बंद राहिला तर?’’

मी गप्प. पंप किती घेतो ते त्यांनी मोजून दाखवलं. चाळीस वॉटही भरले नाहीत. एकोणीस अँपिअरची उष्णता मी बॅटरीवर पोसत होतो आणि त्या भरात चाळीस वॉटचा पंप मेला होता. किती केव्हीएचा घ्यायचा, हा प्रश्न मी इतकी वर्षं दुकानदाराला विचारत होतो. काय थांबलेलं चालणार नाही, हा प्रश्न माझ्याच दुकानात मी मलाच विचारायचा होता, आणि त्याला पैसे पडत नव्हते.

हीटर काढून वेगळ्या लाइनवर टाकले, तरी तो यूपीएस चार मिनिटांतच मान टाकायला लागला. मग पोटमाळ्याची पाळी आली. शिडीवर चढून त्यांनी एका बॅटरीला हात लावला आणि खाली बघून म्हणाले, ‘‘वर या. चपाती भाजून घ्या.’’ या बॅटऱ्यांचं आयुष्य पंचवीस अंशांच्या हिशेबानं सांगितलेलं असतं, आणि साधारण दर आठ-दहा अंशांना ते निम्मं होतं. पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये किती असेल ते मी मोजलं नव्हतं, मोजायची इच्छाही नव्हती. शिवाय बारा जुन्या आणि चार नव्या एकाच ओळीत जोडलेल्या. जुन्यांतली सगळ्यांत अशक्त आधी रिकामी होते, तिच्यापायी सगळा संच थांबतो. आणि चार्जर जुन्यांच्या मागणीप्रमाणं चालतो म्हणून नव्याही वेळेआधी खलास होतात. चार नव्या घेऊन मी बारांचे पैसे वाचवले नव्हते, चारचे घालवले होते. सोळाही भंगारात गेल्या, शिशाच्या वजनावर. तो व्यवहार मात्र चोख झाला.

नवा यूपीएस घेतला तो तीनच केव्हीएचा. त्यावर मशीनचं डोकं, मोटरी आणि कॉम्प्युटर. सगळे मिळून हजारभर वॉट. बॅटऱ्या खाली, कोपऱ्यात, भिंतीपासून वीतभर सोडून. पंपाला त्याचा त्याचा वेगळा छोटा यूपीएस. लिलावातल्या खरेदीच्या आधी हेच केलं असतं तर किती खर्च आला असता, तो आकडा मी काढून ठेवलाय, पण बायकोला दाखवलेला नाही.

यानंतर मी शहाणा झालो असं म्हणायला हरकत नव्हती, पण मग मी जनरेटर घेतला. साडेसात केव्हीए, डिझेल. पहिल्या दिवशी लाईट गेली, जनरेटर धडधडत सुरू झाला, गल्लीभर धूर. आणि आत यूपीएस बॅटरीवरच. जनरेटरची वीज त्याला पटेना. इंजिन मिनिटाला दीड हजार फेरे फिरलं की पन्नास हर्ट्‌झ मिळतात. आमचं इंजिन हीटर लागला की दबायचं, सुटला की उधळायचं, आणि यूपीएस म्हणायचा, मला असली वीज नको. बाहेर डिझेल जळतंय, आत बॅटरी उतरतेय, दोन्ही माझ्याच खर्चानं. मेकॅनिकनं गव्हर्नर नीट केला, यूपीएसच्या सेटिंगमध्ये हर्ट्‌झची मर्यादा थोडी सैल केली आणि हीटर एकदम न लावता एकेक लावायला सांगितले. जनरेटर घेण्यापूर्वी यूपीएसवाल्याला एक फोन केला असता तर हे सगळं कोटेशनच्या कागदावरच मिटलं असतं.

अर्थिंगचं वेगळं सांगायला नको. मशीनवाल्यानं लिहून दिलेल्या दोन गोष्टींपैकी ती दुसरी, आणि ती मी सगळ्यांत शेवटी केली. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर असू नये म्हणतात. आमच्याकडं एकोणीस निघाले. मशीनला हात लावला की मुंग्या यायच्या, कॉम्प्युटरमधली कार्डं जळायची आणि मी कार्डवाल्याशी भांडायचो. इमारतीचा जुना खड्डा पार्किंगच्या काँक्रीटखाली कुठंतरी होता, कुणालाच नक्की सांगता येईना. नवा खणला, दहा फुटी पाइप, कोळसा, मीठ. उन्हाळ्यात त्यात रोज बादलीभर पाणी घालावं लागतं. समोरचा किराणावाला विचारतो, ‘‘काय लावलंय?’’

परवाच्या आइस्क्रीमवाल्यानंही पहिलं वाक्य तेच म्हटलं, ‘‘काका, किती केव्हीएचा घेऊ?’’ त्याला डीप फ्रीझरसाठी हवा होता. फ्रीझरचा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढतो, त्या हिशेबानं यूपीएस केवढा तरी मोठा लागला असता. मी विचारलं, झाकण न उघडता फ्रीझर किती वेळ थंड राहतो ते कधी बघितलंय का? त्यानं बघितलं नव्हतं. थर्मामीटर ठेवून एक दिवस बघ म्हटलं, मग ये. बिलिंगच्या कॉम्प्युटरला मात्र छोटा यूपीएस आजच घे, आणि प्रिंटर त्याच्यावर लावू नकोस. तो जरा नाराज होऊनच गेला. माझ्याकडून त्याला आकडा हवा होता.

आता माझ्याकडं नियम असा की दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, मशीन रिकामं असताना, मेन स्विच पाडायचा आणि घड्याळ लावून बसायचं. यूपीएस किती मिनिटं धरतो ते वहीत लिहायचं. आकडा घसरायला लागला की बॅटऱ्या एकदम सगळ्या बदलायच्या. भिंतीवर पाटी आहे : बझर वाजल्यास बंद करू नये, मालकांना बोलवावे. खाली ऑपरेटरनं पेन्सिलीनं लिहिलंय : मालकांनीही. वही नीट भरलेली आहे, फक्त मागच्या महिन्याचा रकाना कोरा. लग्नसराई होती, मशीन रिकामं मिळालं नाही.